माळ्यावरचा गडवा कोणाचा?

वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालबाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की घरातल्या जुन्या वस्तूंची एक वही करा, आणि त्या वहीत 'सांगणारा कोण' असा एक रकाना नक्की ठेवा. त्यावर बरीच पत्रं आली. तालुक्याच्या कॉलेजात ३१ वर्षं मी पुस्तकांच्या दाखल नोंदी केल्या आणि निवृत्त झाल्यावर दारव्ह्याजवळच्या आमच्या घरातल्या ३४६ वस्तूंच्या केल्या. माझं भांडवल एवढंच. त्यातून जे जमलं, जे फसलं, ते सांगते.

प्रश्न : बाई, आमचं धाब्याचं घर या उन्हाळ्यात पाडायचं ठरलं आहे. माळ्यावर पितळेचे गुंड, गंज, कोपर, घंगाळ, खाली जातं, सासूबाईंची पत्र्याची पेटी, असं खूप काही आहे. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. भाऊजी म्हणतात, सगळं मोडीत घालू आणि स्टीलचं घेऊ. मी यादी करायला बसले तर मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, 'आतापासूनच वाटणी मांडली का?' सुरुवात कुठून करू? मुळात करू की नको?
— सौ. व., आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : करा, आणि जाऊबाईंना शेजारी बसवून करा. त्यांचं अक्षर चांगलं असेल तर वही त्यांच्याच हातात द्या.

आमच्याकडे पहिल्या दिवशी मी ओसरीत सतरंजी टाकून वही उघडली, तर सासूबाई म्हणाल्या, 'कायले लिवून रायली व? मी मेल्यावर वाटनी कराले?' मला उत्तर सुचेना. मग म्हटलं, 'आई, मला यातलं काहीच माहीत नाही. तुम्ही सांगा, मी नुसतं लिहिते.' त्या दिवशी तीनच वस्तू झाल्या. दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आधी त्यांनी स्वतःच कोपर काढून सतरंजीवर मांडून ठेवली होती.

वहीत किमतीचा रकाना ठेवू नका. कोणती वस्तू कोणाला, हेही लिहू नका. वाटणी करायचीच झाली तर तिचा कागद वेगळा असतो आणि तो वकिलाकडे होतो. ही वही म्हणजे घरात काय आहे आणि ते आपल्याला कशावरून माहीत आहे, एवढंच. आठवड्याला जेवढी पानं होतील त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकत जा. लपवून ठेवलेल्या वहीचाच संशय येतो.

जाड पुठ्ठ्याचं २०० पानी रजिस्टर पुरतं. रकाने असे : क्रमांक, वस्तू, कशाची, माप आणि वजन, खुणा (नाव, चीर, पोचा, डाक म्हणजे झाळलेली जागा), कुठून आली, सांगणारा कोण आणि कोणत्या तारखेला, सध्या कुठे. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. वस्तू फुटली, कोणाला दिली, मोडीत गेली, तरी ओळ खोडायची नाही, पुढे तसं लिहायचं. ग्रंथालयात आम्ही याला खारीज करणं म्हणतो. डबा १७ असेल तर त्याचं झाकण १७-अ. आमच्या एका पानडब्याचे असे सात भाग निघाले आणि चुन्याची डबी शेवटी पिठाच्या डब्यात सापडली. क्रमांकाची चिठ्ठी सुती नाडीनं बांधा. रबर बँड नको. त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते आणि दोन उन्हाळ्यांत रबर वितळून भांड्याला चिकटतं.

मोडीत घालायला माझी हरकत नाही. अकरा गंज सांभाळून काय करायचं आहे? दोन ठेवा. पण काटा लागायच्या आधी प्रत्येक भांड्यावरचं नाव वाचून घ्या. जुन्या पितळी भांड्यावर बहुधा नाव असतंच, कासाराकडे टोच्यानं ठिपके पाडून टाकलेलं, काठाखाली नाहीतर बुडाशी. आंदणातलं भांडं असेल तर देणाऱ्याचं नाव, गाव, कधी सालही असतं. पन्नास वर्षं चिंच-राखेनं घासून ते ठिपके बुजतात. दिवसा वाचता आलं नाही तर रात्री दिवा मालवून बॅटरी भांड्याला लगटून आडवी धरा, खळग्यांत सावली पडते आणि अक्षर उठतं. तरी नाही जमलं तर पातळ कागद त्यावर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी घासा.

आमच्या वहीत ४१ नंबरला एक गडवा, म्हणजे तांब्या, आहे. पितळी, उंची १३ सेंटिमीटर, बुडाला पोचा, काठाजवळ डाक दिलेला. सासूबाईंनी सांगितलं, 'माह्या बाबानं भंडाऱ्याहून आनला, आंदनात देल्ला.' भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं, तेव्हा खटकण्यासारखं काही नव्हतं. मी तसंच लिहिलं. आठ दिवसांनी कागद घासून पाहिला तर ठिपक्यांत नाव उठलं ते आमच्याच गल्लीतल्या चौथ्या घराचं. सासूबाई रागावल्या. 'त्या कागदाले काय समजते?'

पहिली ओळ मी तशीच ठेवली आणि खाली दुसरी लिहिली : 'नाव चौथ्या घराचं, ठसा घेतला,' आणि तारीख. मग त्या घरच्या आजोबांना चहाला बोलावलं. त्यांनी गडवा उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'आमचाच हाये. पन लग्नाच्या पंगतीले साऱ्या गावची भांडी गोया होत. कोनाचं कोनाकडे गेलं, कोन पाह्यते? राहू द्या. तुमचा एक गंज आमच्याकडे हाये. तुमच्या सासऱ्याचं नाव हाये त्याच्यावर. त्याच्यात ढेप भिजवतो आमी.'

त्यामुळे ४१ नंबरला आता तीन ओळी आहेत, तीन सांगणारे. आणि ४२ नंबरला असा गंज आहे जो आमच्या घरात नाहीच. 'सध्या कुठे' या रकान्यात लिहिलं आहे, चौथं घर, कोठ्यात. सासूबाई त्या रात्री जेवताना म्हणाल्या, 'मंग माह्या बाबाचा गडवा कोठी गेला?' तो आजतागायत सापडलेला नाही. त्याला नंबर देता येत नाही म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.

तुमच्याकडे वेळ उन्हाळ्यापर्यंतच आहे, म्हणून आणखी थोडं. वस्तू खाली उतरवायच्या आधी जागेवरच फोटो काढा. कोणत्या कोनाड्यात दिवा असे, जातं कोणत्या बाजूला तोंड करून होतं, हे घर पाडल्यावर कोणी सांगणार नाही. सासूबाईंना रोज तासभरच बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. 'हे काय आहे?' असं विचारलं तर 'गुंड' एवढंच उत्तर येतं. 'हे शेवटचं कधी वापरलं?' असं विचारून पाहा.

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत कागदांचा गठ्ठा सापडला. काही मोडी लिपीत आहेत. काहींवर 'मध्य प्रदेश' छापलेलं आहे. आमची शेती तर पिढ्यान्‌पिढ्या दिग्रसला. पणजोबा मध्य प्रदेशातून आले होते का? कागद फाटू नयेत म्हणून दोन लॅमिनेट करून आणले. बाकीचे करू का?
— एक विद्यार्थी, दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : पणजोबा दिग्रसलाच होते, राज्यं बदलत गेली. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. त्या काळच्या छापील इंग्रजी कागदांवर 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं असतं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं आणि पुढे 'सी. पी. अँड बेरार' हे नाव रूढ झालं. १९५० मध्ये त्याच प्रांताचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. म्हणजे तुमचा 'मध्य प्रदेश'वाला कागद १९५० ते १९५६ यांमधला. तारीख फाटून गेली असली तरी एवढं नुसत्या मथळ्यावरून लिहिता येतं. सांगणाऱ्याच्या रकान्यात लिहा, 'कागदाचा मथळा'. सांगणारा माणूसच असला पाहिजे असं नाही.

स्टॅम्प पेपरवरचा मुखवटाही साक्ष देतो. राणी व्हिक्टोरिया असेल तर १९०१ च्या आतला, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, त्यानंतर सहावा जॉर्ज. मात्र छापून ठेवलेला स्टॅम्प वर्ष-दोन वर्षांनीही वापरला जाई, तेव्हा ताणून धरू नका. कागदावरचं वर्ष शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. संवत असेल तर ५७ वजा करा. निजामी वळणाच्या कागदात फसली सन असेल तर ५९० मिळवा. वर्षं चैत्रात, कार्तिकात, मृगात अशी वेगवेगळी सुरू होतात, म्हणून एका वर्षाचा फरक मनात धरूनच लिहा.

लॅमिनेशन मात्र थांबवा. गरम प्लॅस्टिक कागदाच्या धाग्यांत बसतं, ते घरी सोडवता येत नाही, आणि कागदातला आंबटपणा आणि ओल आत कोंडून राहते. केलेल्या दोघांना आता ओढाताण करू नका, सपाट ठेवा. बाकीच्यांना चिकटपट्टी नको, स्टेपलर नको, टाचणीही नको. गठ्ठा सोडायच्या आधी एक काम करा. कोणता कागद कोणत्या कागदात गुंडाळलेला होता, हे वरून खाली क्रमानं लिहून ठेवा. बांधणाऱ्यानं काही विचार करूनच बांधलेलं असतं. खरेदीखताच्या पोटात पावती असेल तर ती पावती त्याच व्यवहाराची असणार, आणि एकदा वेगळी पडली की दोन्ही मुकी होतात.

क्रमांक मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं. मग दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश न वापरता फोटो. हे फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ट्रंक दोन विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे वाळवी चढताना दिसते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून. ओला पाला घालून मी स्वतः एका पोथीला बुरशी आणली आहे. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे विचारा, त्यांचं नागपूरला कार्यालय आहे आणि तो विभाग मोडीचं प्रशिक्षणही देतो. पण तुम्ही विद्यार्थी आहात. स्वतःच शिका ना.

प्रश्न : आजीच्या चोपडीत 'गोट ५ तोळे' लिहिलं आहे. सोनारानं ५८ ग्रॅम म्हणजे पावणेसहा तोळे सांगितले. काका म्हणतात, मधे काहीतरी बदलाबदल झाली. तसंच आजीच्या गाठल्यात, म्हणजे नाण्यांच्या माळेत, राणीछाप रुपये आहेत. एका व्हिडिओत त्याचे लाखो रुपये मिळतात म्हणून सांगितलं. खरं काय?
— एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : काकांना शांत करा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्या हिशेबानं ५ तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम. आता बाजारात बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात, म्हणून तेच गोट कागदावर वाढलेले दिसतात. आजीचा हिशेब चोख आहे आणि सोनाराचाही. वहीत फक्त ग्रॅम लिहा आणि आजीचे शब्द जसेच्या तसे खाली उतरवा. सोन्याच्या बाबतीत 'सध्या कुठे' हा रकाना कोरा ठेवा. वही दहा हातांतून फिरते.

त्या तोळ्याचा आणि तुमच्या रुपयाचा संबंध आहे. इंग्रजी चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असे, म्हणून तर आपल्याकडची म्हातारी माणसं 'रुपयाभार' म्हणत. राणीच्या रुपयावर १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असं असतं. तेवढं वाचून, साल पाहून लिहा. त्यात सुमारे ९२ टक्के चांदी आहे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला निकेलचा रुपया निघाला. म्हणजे चांदीच्या भावापेक्षा थोडं जास्त मिळेल, पण गाठल्यासाठी कडी डाक देऊन बसवलेल्या नाण्याला संग्राहक सहसा कमीच देतो. लाखोंच्या व्हिडिओत शेवटी आधी नोंदणीचे म्हणून पैसे मागतात. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनंही २०२१ साली जाहीर केलं होतं. आणि ती नाणी घासू नका. कडीसकट गाठलं हीच वस्तू आहे.

प्रश्न : आमच्याकडे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे, चाकांचा. आजोबांपासून पोरं तोच ओढतात. दरवर्षी आम्ही रंग देतो. आता चुलतभाऊ म्हणतो, सगळा रंग खरवडून मूळ सागवान दाखवू, पॉलिश मारू आणि शोकेसमध्ये ठेवू.
— प्र., काटोल तालुका, जि. नागपूर

उत्तर : खरवडू देऊ नका. माझ्या माहेरच्या बैलाचा मागच्या उजव्या पायाजवळ टवका उडाला आहे. तिथं भिंग धरलं की सगळ्यात आत पांढरा दिसतो, त्यावर शेंदरी, मग एक जाड निळा, मग पुन्हा पांढरे थर. बैल निळा कसा? भावाला विचारलं. तो म्हणाला, १९७८ ला फाटकाला लावलेला ऑइलपेंट उरला होता, तोच लावला, आणि त्या वर्षी पोरांनी इतकं चिडवलं की बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसे, मागायला तो दोन गल्ल्या सोडून गेला. नोंदीत लिहिलं आहे : 'निळा थर, १९७८, सांगणारा : भाऊ.' हे सगळं पॉलिशवाल्याच्या पायाशी भुशात जाऊन पडलं असतं.

रंग देत राहा. देण्याआधी दरवर्षी चारही बाजूंनी फोटो काढा आणि कोणत्या पोरानं कोणता रंग निवडला ते लिहा. चाकं बदलली असतील तर 'चाकं नवीन' आणि साल. चिठ्ठी पोटाखालच्या आसाला बांधा, अंगावर आकडा नको. आणि शोकेस कशाला? वहीत 'वापरात आहे' असं लिहिलं की झालं. मान निखळली तर सुतार आहेच.

प्रश्न : शेतात विहीर खणताना हातभर दगडी मूर्ती निघाली. घरी आणून ठेवली आहे. वहीत लिहू का?
— एक शेतकरी, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : लिहा, पण ती तुमच्या घरची वस्तू म्हणून नाही. जमिनीत दडलेली मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे आणि त्यातली मर्यादा आजही १० रुपयेच आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरच्या दगडी मूर्तीची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि ती परदेशी पाठवायला बंदी आहे. तहसीलमध्ये अर्ज द्या, पोच घ्या. तोवर शेंदूर, तेल, साबण काहीही लावू नका. मातीसुद्धा धुऊ नका. खड्डा किती फुटांवर होता, सोबत विटा-खापरं निघाली का, हे आजच लिहा आणि खड्ड्याचे फोटो काढा. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आले, तेव्हा तुमच्या विहिरीतली खापरंही कोणाला तरी हवी असतील.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहायला सांगितलं. माझ्या लग्नाच्या रंगीत फोटोंवर पेन्सिल उमटतच नाही.
— सौ. अ., वणी, जि. यवतमाळ

उत्तर : चूक माझी. जुन्या कृष्णधवल फोटोचा कागद पेन्सिल धरतो, रंगीत फोटोच्या पाठीवर प्लॅस्टिकचा थर असतो, तो धरत नाही. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढून चेहऱ्यावर उठतं, आणि जेलपेनची शाई खालच्या फोटोला लागते. एकेका फोटोला साधं कागदी पाकीट करा आणि नावं पाकिटावर लिहा, डावीकडून उजवीकडे, कोणी ओळखली तेही. आधी लिहायचं आणि मग फोटो आत घालायचा. मी उलटं केलं होतं. माझ्या धाकट्या नणंदेच्या कपाळावर तिचंच नाव उमटलं आहे.